अंगवळण

१

रविवारी सकाळी दूध उतू जायच्या बेतात आलं तशी प्रतिभा धावत गेली, गॅस बंद केला आणि स्वतःशीच म्हणाली, "झालं, बाई, झालं." हे ती दिवसातून किती वेळा म्हणायची याला गणती नव्हती. सुईत दोरा गेला, कुकर उतरला, बस मिळाली, की "झालं, बाई, झालं." मुलगी रूपाली पुण्याला होस्टेलवर राहायला गेल्यापासून घर चिडीचूप झालं होतं, त्यामुळे हे वाक्य जरा जास्तच ऐकू यायचं.

घरात नवरा होता, नाही असं नाही. जीवनची सातपूरची नोकरी संपली होती. कंपनीनं रक्कम हातात ठेवून त्याला घरी बसवलं आणि त्यानं पहिली काय गोष्ट घेतली असेल, तर कॅमेरा. वर्षभरात त्यानं गोदेचे घाट, द्राक्षांचे घड, कांद्याचे ढीग, जटावाले साधू, सगळ्यांचे फोटो काढले. बायकोचा एकही नाही. तिनं एकदा लाज सोडून विचारलंसुद्धा. तर म्हणाला, "तुझा काय काढायचा? तू घरचीच."

घरची. म्हणजे दाराची कडी, भिंतीवरचं घड्याळ आणि प्रतिभा. त्यांच्या घरात एकमेकांची नावं तरी कुठे होती? होती ती फक्त रेशनकार्डावर. ती त्याला 'अहो' म्हणायची, तो तिला 'अगं'. लग्नानंतर एकदा लाडात येऊन तिनं 'जीवन' म्हणून बघितलं होतं. दोघंही इतकी ओशाळली, की पुन्हा तो विषय निघाला नाही.

आज मात्र तिनं मनाशी काही ठरवलं होतं. तिनं नवा ड्रेस घातला होता. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा पंजाबी ड्रेस, तोही मोरपंखी, गळ्याशी बारीक टिकल्यांचं काम. आज संध्याकाळपर्यंत नवऱ्यानं एकदा, फक्त एकदा, तिच्याकडे धड बघून एखादं वाक्य बोलावं. नाही बोलला, तर उद्या सकाळी बॅग भरायची आणि पिंपळगावला भावाकडे निघून जायचं, ते परत न येण्यासाठी. भावाला तसं तिनं फोनवर सांगूनही ठेवलं होतं. ती ड्रेस घालून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तो कॅमेऱ्यात रोल भरत होता. मान वर न करता म्हणाला, "अगं, डबा घेतलास का?"

तिनं डबा भरला, उरलेलं दूध झाकलं, पातेलं विसळलं. पातेलं नवं होतं. दिवाळीच्या आवराआवरीत बोहारणीकडून घेतलेलं. त्याच्यापायी पाच साड्या गेल्या होत्या. बोहारीण अशी चिवट, की अर्धा तास उंबऱ्यावर ठाण मांडून एकेका साडीला नावं ठेवत बसली. इकडे चकलीचं तेल धुरायला लागलं, तेव्हा प्रतिभानं "ने बाई एकदाचं" म्हणून गठ्ठा पुढे सारला. त्या गडबडीत एक गोष्ट राहिली. तिच्या सासूबाई सटाण्याकडच्या. जुनी साडी कुणालाही देताना पदराचा एक दोरा ओढून घ्यायचा आणि चुलीत टाकायचा, असा त्यांचा शिरस्ता. "साडीले बी अंगवळण शे, पोरी. दोरा काढी ले," असं म्हणायच्या, म्हणजे नेसणारीच्या सवयी साडीबरोबर जात नाहीत. त्या गेल्यावरही प्रतिभा दर वेळी दोरा काढायची, विश्वास होता म्हणून म्हणा, सवय होती म्हणून म्हणा. या वेळी तेल तापलं होतं, त्यामुळे विसरली. नंतर आठवलं, तेव्हा ती हसली होती.

२

कुठे जायचं हे अर्थात जीवननं ठरवलं होतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत धरणाकाठच्या गावांवर लेख आला होता. होडीनं एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचं, कुठे बांबूच्या टोपल्या, कुठे गोधड्या, सगळं जुन्या पद्धतीचं. दिवसभरात बघून होतं, असं लिहिलं होतं. जीवनच्या डोळ्यांसमोर फोटोंची स्पर्धा होती.

जुनी मारुती गिरणारे ओलांडून पुढे गेली, डांबर संपलं आणि धरणाचा फुगवटा दिसायला लागला. जानेवारीचं स्वच्छ ऊन, निळं पाणी, पलीकडच्या उतारावर कुरणमेटची कौलं. होडीवाला मंगळू तंबाखू मळत बसला होता. त्यानं दोघांकडे बघितलं, होडी सोडली, आणि भाड्याची वेळ आली तेव्हा एकट्या जीवनचंच भाडं घेतलं.

"हिचं घ्या की," जीवन म्हणाला.

"बाईचं नाय. गावच्या बाईचं भाडं घेत नाय आमी."

"अहो, ही नाशिकची आहे!"

मंगळूनं प्रतिभाकडे पुन्हा बघितलं. ती होडीच्या कडेला, पिशवी पोटाशी धरून, एक पाय दुमडून बसली होती. "आसंल," तो म्हणाला, पण हात काही पुढे केला नाही.

जीवनला गंमत वाटली. "चला, तुझा फायदा झाला," एवढंच बोलून तो लेन्स पुसायला लागला. प्रतिभालाही गंमतच वाटायला हवी होती. पण मंगळू वल्हं मारता मारता अधूनमधून तिच्या त्या दुमडलेल्या पायाकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर आठी होती. ओळखीच्या माणसाचं नाव आठवेना की पडते तशी.

काठाला होडी लागताना एक धक्का बसला. दोघंही उभी होती, दोघांचाही तोल गेला. जीवनच्या दोन्ही बाजूंना दोन गोष्टी पडायला आल्या होत्या, उजवीकडे कॅमेऱ्याची पिशवी आणि डावीकडे बायको. त्यानं पिशवी धरली.

प्रतिभा कमरेपर्यंत चिखलपाण्यात गेली. मंगळूनं हात देऊन तिला वर काढलं. तिचा नवा ड्रेस गाळानं काळा झाला होता.

"अगं, सांभाळून," जीवन म्हणाला.

३

चढावर पहिलंच घर गोजराबाईचं. अंगणात दोऱ्यांवर गोधड्या वाळत होत्या आणि ओट्यावर स्वतः गोजराबाई चष्म्याला दोरी बांधून बसली होती. लांबून ओल्या कपड्यांत येणारी प्रतिभा दिसताच ती ओरडली, "सुमे, पडलीस व्हय पुना?"

प्रतिभा जवळ आली. म्हातारीनं चष्मा नीट केला आणि तोंडावर हात घेतला. "आगं बया! पाव्हणी हाय व्हय! चालण्यावरनं मला आमची सुमनच वाटली."

गावातलं कुत्रं जीवनवर भुंकून भुंकून बेजार झालं होतं. प्रतिभाच्या पायाशी येऊन ते हुंगलं आणि तिच्या पावलावर हनुवटी टेकून बसलं. ती मनात म्हणाली, ओल्या कपड्यांना गावच्या चिखलाचा वास येत असणार. कुत्र्याला दुसरं काय कळतं?

"थंडीनं गारठशील. कापडं बदल," गोजराबाई म्हणाली. आत जाऊन तिनं एक घडी केलेली साडी आणून दिली. "ही नेस. तुज्या मापाची हाय."

साडीला कधी माप असतं का, असं प्रतिभाला विचारायचं होतं. पण साडी हातात आली आणि ती काठ उलटून बघायला लागली. जांभळी. काठाशी बोटभर रफू. स्कूटरच्या चाकात काठ अडकला होता, तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं घातलेलं, घाईत जांभळा दोरा न मिळाल्यामुळे निळ्यानं घातलेलं रफू.

त्यात नवल काय? बोहारणी गोळा केलेल्या साड्या बाजारात विकतात, गोधड्या शिवणाऱ्या बाया त्या घेतात. नाशिकची साडी कुरणमेटला येणार नाही तर काय काशीला जाणार? तिनं स्वतःची अशी समजूत घातली आणि भिंतीआड जाऊन साडी नेसली. निऱ्या चापून घ्यायची गरजच पडली नाही. तिनं कमरेला टोक खोचलं आणि बाकीची साडी आपापल्या जागी जाऊन बसली.

ओला ड्रेस धुऊन तिनं स्वतः दोरीवर टाकला. मोरपंखी रंग उन्हात परत उजळला.

४

तेवढ्या वेळात जीवन अंगणात रमला होता. एका गोधडीपाशी तो गुडघ्यावर बसला होता. तिच्या मधोमध लिंबू रंगाचा मोठा चौकोन होता, त्याला पोपटी काठ.

"अगं, बघ काय रंग आहे! असलं काही आपल्याकडे बघायला मिळत नाही."

प्रतिभा त्याच्या मागे येऊन उभी राहिली. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यानंच मेन रोडवरून आणलेली साडी होती ती. तेव्हा त्यानं ती तिच्या खांद्यावर टाकून बघितली होती आणि बराच वेळ नुसता बघत राहिला होता. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"ओळखीची वाटते का ही साडी?" तिनं विचारलं.

"कुठली?"

"ही. पिवळी."

"साड्या काय, सगळ्या सारख्याच असतात," तो म्हणाला आणि डोळा कॅमेऱ्याला लावला. तिनं बाजूला सरकायला हवं होतं, कारण तिची सावली गोधडीवर पडत होती. तसं त्यानं हातानं खुणावलं.

ती कोणती साडी नेसून उभी आहे, हे त्यानं विचारलं नाही. तिनं ड्रेस बदलला आहे, हेही विचारलं नाही. सकाळी अंगावर काय होतं हे ज्याला माहीत नाही, त्याला आता काय आहे हे कशानं कळणार?

वरच्या पाड्यावर पुंजा नावाचा म्हातारा बांबूच्या कणग्या विणतो, असं कळल्यावर जीवन उठलाच. "तू बस इथे. ड्रेस वाळू दे. मी येतो तासाभरात."

"अहो, जेवण?"

"आल्यावर," तो म्हणाला. तो चढावरून दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. त्यानं मागे वळून बघितलं नाही. तिनं उद्याची बॅग मनातल्या मनात भरायला घेतली. आधी रूपालीचे फोटो, मग दोन स्वेटर.

५

"ही पिवळी कुणी शिवली?" तिनं गोजराबाईला विचारलं.

"सुमननं. दिवाळीपासून तीच बसतीय शिवायला. पयली ती आशी नव्हती. उगंमुगं बसायची, हाताला वळण म्हणून नव्हतं. त्या बोहारणीच्या गठ्ठ्यातल्या साड्या आल्या, दोन नेसायला ठेवल्या, तवापासून बग, काय हात बसलाय तिचा!" म्हातारी कौतुकानं बोलत होती. "जा की आत. शिवतीय. लोकांसमोर येत नाय ती."

आतून आवाज येत होता. जाड कापडातून दोरा ओढल्याचा, लांब, खरखरीत. मध्येच तो थांबला. दोरा तुटला असावा. मग अंधारातून कुणीतरी हळूच म्हणालं,

"झालं, बाई, झालं."

प्रतिभा उंबऱ्यातच थबकली. बायका म्हणतात असं. कुठलीही बाई म्हणते. तिच्या आईकडून तिनं उचललं, आईनं आणखी कुणाकडून उचललं असेल. पण 'झालं'नंतर जो श्वास घेतला गेला होता, अर्धा, नाकातून, तो तिनं कुणाकडून उचलला नव्हता.

ती आत गेली. उन्हातून आल्यामुळे आधी फक्त फळीवरचे डबे दिसले. साखरेच्या डब्यावर पालथी वाटी, मुंग्या लागू नयेत म्हणून. सांडशी खुंटीला, लाटणं सांडशीत अडकवलेलं. बरं, असू दे. चार घरांत दोन घरी असंच असतं. चहाच्या डब्याखाली मात्र कागदाची घडी होती. प्रतिभाच्या घरचा चहाचा डबा बुडाला वाकडा होता, डुगडुगायचा, म्हणून ती त्याच्याखाली कागदाची घडी ठेवायची. तिनं पुढे होऊन हा डबा उचलला. बूड सपाट होतं. फळीवर ठेवून तिनं बोटानं दाबून बघितला. डबा हलला नाही. कागद कशासाठी होता, ते त्या डब्यालाही सांगता आलं नसतं.

"बसा," मागून आवाज आला. "घेणारीचे चार टाके लागतात."

खोलीच्या मधोमध मोठी गोधडी पसरली होती. पलीकडच्या कडेला एक बाई खाली मान घालून बसली होती, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला. मागच्या भिंतीतल्या भोकातून येणारा उजेड तिच्या पाठीवर होता, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. हात दिसत होते. काळेसावळे, नखं तुटलेली, प्रतिभाच्या हातांसारखे मुळीच नाहीत. पण दोरा ओढताना उजव्या हाताची करंगळी वर जात होती. त्या करंगळीवरून रूपाली आईला चिडवायची.

"मला गोधडी घ्यायची नाही," प्रतिभा म्हणाली.

"घ्यावी लागंल," ती बाई म्हणाली. तिचा स्वर दटावणीचा नव्हता, उलट काळजीचाच होता. "तुमचीच हाय."

६

प्रतिभा का बसली? पुढे तिनं स्वतःला हे पुष्कळदा विचारलं. बाहेर ऊन होतं, ओट्यावर म्हातारी होती, उठून जायला कुणीही अडवलं नसतं. पण गोधडीच्या अलीकडच्या कडेला सुई टोचून ठेवलेली होती, दोरा ओवलेला होता, आणि कामाची सुई समोर दिसल्यावर हात बांधून उभं राहणं तिला जन्मात जमलं नव्हतं. चार टाके घालावेत आणि सुटावं, असा तिनं विचार केला.

चार टाके झाले. पाचवा पडला.

तिच्या टाक्याला पलीकडून टाका मिळत होता. तिनं ओढला की पलीकडे सैल पडायचा, तिकडून ओढला की हिच्याकडे ताण यायचा. एका ओळीवर तिची हिरवी साडी होती, रूपालीच्या बारशाची. पुढे चॉकलेटी, जी नेसून ती सासूबाईंच्या दवाखान्याच्या फेऱ्या मारायची. सुई एकेका साडीतून जात होती आणि ती साडी कुठे नेसली होती ते आठवायच्या आतच पुढची येत होती. आठवायचं ते पलीकडे ओढलं जात होतं. तिला हे कळत होतं. हात थांबत नव्हता.

"सातच्या आत घरी पोचायला लागतं का हो रविवारी?" पलीकडून प्रश्न आला.

"हो. रूपालीचा फोन असतो."

"आधी काय विचारते ती?"

"जेवलीस का," प्रतिभा म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, हे सांगायला नको होतं.

दोऱ्याचा आवाज तेवढा होता. दोन्ही बाजूंच्या ओळी जवळ येत होत्या. शेवटी लिंबू रंगाचा एक तुकडा उरला आणि प्रतिभाची सुई त्याच्या कडेला जाऊन पोचली. पलीकडची सुई कापडात उभी होती. तिच्यातला दोरा अजून थोडा हलत होता.

सुईपाशी कुणी नव्हतं.

भोकातून येणारा उजेड भिंतीवर खूप वर सरकला होता. प्रतिभा उठली. तिचे गुडघे धरले होते. बाहेर आली तर ओट्यावर गोजराबाई पेंगत होती. दोरीवर गोधड्या होत्या. मोरपंखी ड्रेस नव्हता. ओट्याखाली काढून ठेवलेल्या तिच्या सँडल नव्हत्या. डब्याची पिशवी नव्हती. त्या जागी अंगठा तुटलेली एक रबरी चप्पल पडली होती.

७

ती अनवाणीच उतारावरून धावली. कुत्रं तिच्याबरोबर धावत होतं, खेळ असल्यासारखं.

होडी काठापासून थोडीच आत गेली होती. मंगळूची पाठ दिसत होती. त्याच्यापुढे जीवन, मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी. आणि जीवनच्या समोर, कडेला, पिशवी पोटाशी धरून, एक पाय दुमडून, मोरपंखी ड्रेस घातलेली बाई.

वाऱ्याला पाण्याचा वास होता. पाण्यावरून बोलणं लांबवर ऐकू येतं. बाई म्हणाली, "सातच्या आत पोचायला हवं. रूपालीचा फोन यायचाय." शब्द प्रतिभाचे, बोलण्याची लय तिची, शेवटचा किंचित तक्रारीचा सूरही तिचाच.

मग त्या बाईनं मान वळवली आणि प्रतिभाला तिचा चेहरा दिसला.

तिला एकदम हायसं वाटलं. सुटल्यासारखं. कारण तो चेहरा तिच्यासारखा अजिबात नव्हता. रुंद जबडा, बसकं नाक, कपाळावर गोंदण, वयानंही दहा वर्षांनी लहान. आंधळ्यालाही फरक कळला असता. जीवननं नुसती मान वर करायची होती. नुसतं एकदा बघायचं होतं.

त्यानं मान वर केली. समोरच्या चेहऱ्याकडे नीट, डोळे भरून बघितलं. आजवर, निदान गेल्या कित्येक वर्षांत, त्यानं असं बघितलेलं प्रतिभाला आठवत नव्हतं.

"अगं," तो म्हणाला, "छान दिसतोय हा ड्रेस तुला. नवीन का?"

प्रतिभा गुडघाभर पाण्यात शिरली. "अहो!" ती ओरडली. "अहो!"

काठावर बांबूची मोळी घेऊन पुंजा म्हातारा उभा होता, त्यानं वळून बघितलं. मंगळूनं बघितलं. जाळं आवरणाऱ्या एका माणसानं बघितलं. 'अहो' कुणाचंही नाव नव्हतं. तिला दुसरं नाव माहीत होतं. ते रेशनकार्डावर होतं, लग्नाच्या पत्रिकेत होतं. तिनं तोंड उघडलं. जीभ टाळूला लागली, 'जी' एवढं आलं आणि तिथेच अडकलं. वीस वर्षांत जो शब्द पुन्हा तोंडाला शिवला नाही, तो आत्ता कुठून यायचा? तिनं पुन्हा जोर केला आणि पुन्हा "अहो!" हेच बाहेर पडलं. गावातली कुठलीही बाई आपल्या नवऱ्याला हाक मारते तसं.

रूपाली ओळखेल, तिला वाटलं. पोटची पोर आहे, चेहरा बघितला की तिथल्या तिथे ओळखेल. पण फोनवर चेहरा कुठे दिसतो? फोनवर विचारलं जाणार, जेवलीस का.

"सुमे, पाण्यात कुटं निघालीस?" मागून गोजराबाईची हाक आली.

जीवन हाकेसरशी वळला. त्याला काठाचं पाणी दिसलं, मागे कौलं, उतरतं ऊन, आणि गुडघाभर पाण्यात उभी एक बाई, जांभळ्या साडीतली, वाऱ्यानं पदर उडत असलेली. त्याचा चेहरा खुलला.

"थांबवा, थांबवा जरा," तो मंगळूला म्हणाला. कॅमेरा वर झाला. "रोलमधला शेवटचाच आहे. मावशी! ओ मावशी! इकडे बघा."

प्रतिभानं इकडे बघितलं. त्याला थांबवायला हात वर केला. हात वर गेला, डोक्यावरून उडणारा पदर त्या हातानं सारखा केला आणि तो खाली आला.

"सुरेख," जीवन म्हणाला आणि लेन्सवर झाकण बसवलं.